मार्चमध्ये वारलेले नवरे

आमच्या शहराच्या कारखान्यांकडच्या भागात नवरे मार्च महिन्यात मरतात, हा शोध माझा. तो मी एका चर्चासत्रात मांडला, आलेख दाखवला, टाळ्या घेतल्या. आलेखात मार्चची पट्टी हातभर होती आणि बाकीच्या महिन्यांच्या असून नसल्यासारख्या. कारणही मीच दिलं होतं: बदलती हवा, कारखान्यांची धूळ, पोखरलेल्या छात्या. छत्तीस फाइलींवरून अख्ख्या भागातल्या पुरुषांचं मरण काढायचं धाडस फक्त प्राध्यापकच करू जाणे. एका ज्येष्ठ सरांनी उभं राहून 'मौलिक' असा शब्द वापरला, आणि तो शब्द मी पुढचे दोन दिवस गोळीसारखा गालात धरून फिरत होते. आज आठवलं की कानशिलं तापतात.

पण ही गोष्ट माझी नाही, फिरतीबाईंची आहे. माझी एवढ्यासाठी आधी सांगितली, की पहिली चूक कुणाची होती ते नोंदलेलं बरं.

फिरतीबाई सदतीस वर्षं शहराच्या कल्याण कार्यालयात समाजसेविका होत्या. कुणी बाईने मदतीसाठी अर्ज केला की तिच्या घरी जायचं, बघायचं, विचारायचं आणि गृहभेटीचा अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. कार्यालयात त्यांची खुर्ची कायम रिकामी आणि बाई कायम फिरतीवर, म्हणून हे नाव. पायात पुरुषी बूट, खांद्याला मेणकापडाची पिशवी. पिशवीत कार्बन पेपर, शाईचा पॅड आणि चार-पाच नवे कंगवे. "घर सोडून आलेल्या बाईला आधी कंगवा लागतो," त्या मला पुढे एकदा म्हणाल्या. "पाणी, चहा, सल्ला, सगळं नंतर. केस विंचरले की मग ती सरळ बसून बोलते."

मला त्या आधी भेटल्या त्या अक्षरातून. माझ्या प्रबंधाचं नाव 'समाजकार्य, स्त्रीवाद आणि स्त्रीची ओळख'. लेक कॉलेजात गेल्यावर, चव्वेचाळिसाव्या वर्षी, घरच्यांनी "आता या वयात कशाला?" म्हटल्याबरोबर मी तो हाती घेतला. कल्याण कार्यालयाने परवानगी दिली, आणि त्यांच्या महिला निवासाच्या छत्तीस फाइली मी दोन पिशव्यांत भरून विद्यापीठात आणल्या. निवास म्हणजे तीन मजल्यांची इमारत, मजल्यावर बारा खोल्या, समोरून लांब व्हरांडा. प्रत्येक खोलीला एक खिडकी, एक नळ आणि आतून लागणारी भक्कम कडी. नियम एकच होता: खोली मिळेल ती फक्त निराधार विधवेला. यादी दर वर्षी एकतीस मार्चला बंद होई.

आता कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडला असता. माझ्या पडला नाही, कारण मी त्या अहवालांच्या प्रेमात होते. "स्टोव्हवर चहा. बाई कमी बोलते, विचारलेलं टाळत नाही. चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या." असं कोण लिहितं सरकारी कागदावर? मी वाचत गेले, टिपणं काढत गेले आणि शेवटच्या रकान्यावर आले की निमूटपणे आकडा मांडत गेले. पती: मयत. कारण: छातीत कळ. महिना: मार्च. मृत्यूचा दाखला उपलब्ध नसल्याने दोन शेजारणींचा जबाब जोडला आहे.

मी मुलाखती सुरू केल्या तेव्हा सतरा नंबरच्या खोलीत टाचणी भेटली. तिला सगळा निवास टाचणी म्हणतो. एक तर ती शिवणकाम करते आणि ओठांत कायम टाचण्या असतात, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. बासष्टीची, काटक, एका पायाने मशीन चालवत दुसऱ्याने मला स्टूल सरकवून देणारी. दारात अठरा नंबरवाली आया बसली होती. ही इस्पितळात तीस वर्षं आया होती, नोकरी सुटली तरी नाव सुटलं नाही. मी छापील प्रश्नावली काढली आणि आवाजात शक्य तेवढी हळुवार सहानुभूती आणली.

"यजमान गेल्यानंतरचे पहिले दिवस कसे काढलेत?"

"कुठे गेल्यानंतर?"

"म्हणजे… वारल्यानंतर."

"कोण वारलं?" टाचणी म्हणाली. "गेल्या वर्षी मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नात बघितला की. दोनदा वाढून घेत होता. पोट सुटलंय मेल्याचं."

मशीन थांबलं. टाचणीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. सात होत्या, मी मोजल्या. 

"फाइलीतला गं!" दारातून आया ओरडली. "त्या फाइलीतल्या नवऱ्याबद्दल विचारतायत!"

"हां, तो," टाचणी म्हणाली. "तो वारला."

"छातीत कळ आली," आयाने जोड दिली.

"मार्चमध्ये," मी म्हटलं.

"मार्चमध्येच," दोघी एका सुरात म्हणाल्या.

झाकली मूठ उघडली होती आणि आता ती मिटून काही उपयोग नव्हता. टाचणीने माझ्या रेकॉर्डरकडे बोट दाखवलं. "ते बंद करा आधी." मी बंद केलं. मग तिने सांगितलं, आणि सांगताना हातातल्या पडद्याच्या कापडाची उगाचच घडी करत राहिली.

तिचा नवरा मारायचा नाही. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा, रोज, साडेचार वर्षं. ती कुणाला सांगायला गेली की लोक म्हणत, मारत तर नाही ना? एका दुपारी कुलूप नीट लागलं नव्हतं. तिने दार ओढून बघितलं, उघडलं. कात्री, दोन साड्या आणि मशीनच्या सुयांची डबी घेऊन ती निघाली ती थेट कल्याण कार्यालयात. तिथे फिरतीबाईंनी तिला कंगवा दिला, आठ दिवस मैत्रिणीकडे ठेवलं आणि मार्चच्या अठ्ठावीस तारखेला तिच्या नवऱ्याला छातीत कळ आणली. जबाब दिला तो सोळा नंबरवालीने आणि अठरा नंबरच्या आयाने. पुढच्या वर्षी टाचणीने तेविसातलीसाठी दिला. अशी सगळ्या व्हरांड्याची साखळी होती. जी आत आली ती पुढचीच्या नवऱ्याला पोचवायला साक्षीदार.

"कारण मी सुचवलं होतं," आया थोड्या अभिमानाने म्हणाली. "छातीत कळ. पटकन जातो माणूस, कुणी जास्त विचारत नाही."

"तुम्हाला गंमत वाटतेय," टाचणी एकदम मला म्हणाली. मी हसत होते बहुतेक. "एकोणतीस वर्षं मी त्या कुलूपवाल्याची विधवा म्हणून बसलेय. खाली दुकानदार म्हणतो, बिचारे तरुणपणी गेले. बिचारे! मी सोडलं त्याला. माझ्या आयुष्यातलं एकच मोठं काम, तेही त्याच्या कळेच्या नावावर."

"हळू बोल," आया म्हणाली. "खोली जाईल."

आणि त्या एका वाक्याने खोलीतली हवाच बदलली. दोघी माझ्या वहीकडे बघत होत्या. वहीत काय जातं यावर आता छत की रस्ता हे ठरणार होतं, आणि ते मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

मी मात्र त्या दिवशी तिथून निघाले ती रागाने. हे कबूल केलेलं बरं. मला बायकांची काळजी वाटायच्या आधी माझ्या प्रकरणाची वाटली. दीड वर्षाचं काम, तो आलेख, ते 'मौलिक'! अकरा वर्षं मी वर्गात घसा फोडून सांगत होते, की बाईची ओळख तिच्या नवऱ्यावरून ठरवू नका. आणि स्वतः एकतीस बायकांची ओळख एका रकान्यावरून ठरवून मोकळी झाले होते. तो रकाना भरलाय कुणी आणि का, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्याच तावात मी फिरतीबाईंचं घर गाठलं. त्या निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती. लग्न केलंच नव्हतं, आणि भाऊ गेल्यावर त्या आणि त्यांची वहिनी अशा दोघीच दोन खोल्यांत राहत होत्या. दार वहिनींनी उघडलं. माझ्या खांद्यावरची कागदांची पिशवी बघितली आणि माझं नाव न विचारताच आत वळून म्हणाल्या, "वन्सं, त्या आल्या."

फिरतीबाई खिडकीशी बसल्या होत्या. लहानखुऱ्या, शहात्तर वर्षांच्या, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

"किती सापडले?"

"एकतीस," मी म्हटलं.

"बरोबर. उरलेले पाच खरेच गेलेत. त्यांचे दाखले आहेत."

मी काय काय सुनवायचं ते बसमध्ये जुळवत आले होते. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"आठ महिने झाले," वहिनी म्हणाल्या. "कार्यालयातला जुना शिपाई भाजीबाजारात भेटला, विद्यापीठातल्या कुणी बाई निवासाच्या फाइली घेऊन गेल्या म्हणाला. तेव्हापासून या बाईचा डोळ्याला डोळा नाही. दारावर कुणी टकटक केलं की हातातलं भांडं पडतं. माझे तीन कप गेले."

"वहिनी, चहा टाका," फिरतीबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक बाई आली होती. नवऱ्याला सोडून आलेली. फिरतीबाईंनी खरं ते लिहिलं: पती हयात. अर्ज नामंजूर झाला, बाई परत गेली. तीन आठवड्यांनी त्या इस्पितळात दुसऱ्याच कामाला गेल्या, तर ती तिथे खाटेवर. जबडा तारेने बांधलेला. बोलता येत नव्हतं. फिरतीबाईंना बघून तिने केसपेपर उलटा केला आणि मागे लिहून दाखवलं: नियमच तसा, तुमचा काय दोष.

"माझी समजूत घालत होती ती," फिरतीबाई म्हणाल्या. "तारेने बांधलेल्या जबड्याने. त्या वर्षापासून मी कुणाचा नवरा जिवंत ठेवला नाही."

चहा आला. त्यांनी बशी तशीच खाली ठेवली.

"माझं काय व्हायचं ते होऊ दे. माझं आता राहिलंय काय? पण बायका… सगळ्यात धाकटी अठ्ठावन्नची आहे. नियमात बसत नाही म्हणून बाहेर काढलं तर या वयात कुठे जातील हो त्या?"

"माझंही एक अख्खं प्रकरण वाया गेलंय," मी म्हटलं. खरंच म्हटलं. जिभेला हाड नसतं.

"तुमचं प्रकरण गेलंय," वहिनी म्हणाल्या. "त्यांची घरं जातील. थोडा फरक आहे."

मी 'बघते' म्हणून उठले. आम्हा शिकवणाऱ्यांना काही सुचेनासं झालं की आम्ही बघतो.

पुढचे तीन आठवडे मला एक ओळ लिहिता आली नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. खरं लिहावं तर एकतीस बायकांच्या डोक्यावरचं छप्पर जाईल. गावाचं नाव गाळलं तरी छत्तीस खोल्यांचा निवास काही दहा ठिकाणी नसतो. गप्प बसावं तर माझा मार्च माझ्या नावावर कायमचा, आणि उद्या कुणीतरी त्यावर दुसरा प्रबंध लिहील. शेवटी मी माझ्या मार्गदर्शकांकडे गेले. सर निवृत्तीला आलेले, बोलायला कंजूष. मी नावं न घेता सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत विचारलं, "नियमावली वाचलीत?"

"वाचली की."

"कुठली?"

"फाइलींना जोडलेली."

"ती कधीची?"

 माझ्याकडची प्रत माझ्या लग्नाच्या आधीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी कल्याण कार्यालयात हजर. अधीक्षक म्हणून आता एक तरुण बाई आहे, टेबलावर फाइलींचा डोंगर आणि डोंगरामागे तिचा अर्धा चेहरा. मी चालू नियमावली मागितली तेव्हा तिने आधी मला नीट बघून घेतलं. "ही कुणी मागत नाही," ती म्हणाली, आणि मागच्या कपाटातून एक पातळ पुस्तिका काढून फुंकर मारून दिली.

चौदाव्या पानावर ते होतं. मी तीनदा वाचलं. 'निराधार विधवा' हे शब्द काढून 'एकटी राहणारी स्त्री' हे शब्द घालण्यात येत आहेत. एकटी राहण्याचे कारण प्रवेशासाठी विचारात घेऊ नये. ज्या स्त्रिया आज निवासात राहत आहेत, त्यांची खोली पूर्वीच्या नोंदीतील कोणत्याही कारणावरून काढून घेता येणार नाही. त्यांची इच्छा असल्यास नोंद दुरुस्त करून द्यावी. तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

"हे… हे बायकांना कळवलं होतं?"

"बोर्डावर लावलं असणार," अधीक्षक म्हणाली. आम्ही दोघींनी बाहेरच्या बोर्डाकडे बघितलं. त्यावर कागदांवर कागद होते आणि सगळ्यात वर हरवलेल्या मांजराची जाहिरात.

नियमाच्या खाली बारीक अक्षरात संदर्भ दिला होता, 'एका समाजसेविकेची टिप्पणी'. मी ती बघायला मागितली. अर्ध्या तासाने पिवळी पडलेली फाइल आली, आणि मी पान उलटलं तर ते अक्षर माझ्या ओळखीचं. तारीख निवृत्तीच्या आदल्या आठवड्याची. "बाई एकटी का राहते, हे आपण सदतीस वर्षं विचारत आलो. आता विचारू नये, अशी विनंती आहे. जिला सांगायचं असेल ती सांगेल." कार्यालयाने त्यावर सात वर्षं विचार केला होता आणि मग शब्दन् शब्द मान्य केला होता. सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

मी तिथेच मोठ्याने हसले आणि मग रडलेही थोडी. अधीक्षक बाईने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "मॅडम, फाइलीत काय होतं ते मला माहीत नाही आणि मला माहीत करून घ्यायचंही नाही. दुरुस्तीचे अर्ज आले तर मी दुरुस्ती करते. फॉर्म देऊ? किती?"

"एकतीस," मी म्हटलं.

फिरतीबाईंना आधी खरंच वाटेना. मी वाचून दाखवलं ते त्यांनी ऐकलं नाही. पुस्तिका हातात घेतली, भिंग घेतलं आणि एकेका शब्दावर ते सरकवत नेलं. मग मी टिप्पणीची प्रत पुढे ठेवली.

"हे मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "कुणी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, फेकून दिलं असेल."

"हे उत्तरच आहे."

"म्हणजे खोल्या?"

"जात नाहीत."

"लिहून आहे?"

"शिक्क्यासकट."

"म्हणजे खोल्या जात नाहीत," त्या म्हणाल्या, वहिनींना. मग खिडकीकडे बघून पुन्हा तेच म्हणाल्या. छातीवरून धोंडा उतरतो म्हणतात तो उतरताना मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितला: आधी खांदे खाली आले, मग हात मांडीवर सैल पडले, आणि मग बाईंना इतकी उचकी लागली की वहिनींना पाणी आणायला पळावं लागलं.

"नऊ वर्षं!" पाणी देता देता वहिनी कडाडल्या. "नऊ वर्षं बोर्डावर लावून ठेवलं होतं, आणि इथे माझे कप फुटतायत!"

दुरुस्तीच्या फॉर्मवर एक सही मूळ अहवाल लिहिणाऱ्या व्यक्तीची लागत होती, 'ती हयात असल्यास'. ती हयात होती. पुढच्या शनिवारी दुपारी तिने मेणकापडाची पिशवी कपाटावरून काढली, झटकली आणि बूट चढवले. मी सोबतीला होते. सतरा नंबरमधलं कापडं कापायचं टेबल रिकामं करून टाचणीने त्यांना खुर्ची दिली, आणि व्हरांड्यात रांग लागली.

तशी रांग मी आयुष्यात पाहिली नाही. बायका हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, आणि एकीला मधेच हुंदका आला तर तिच्या पुढचीने तिला पाठीवर थोपटत पुढे सरकवलं. फॉर्ममध्ये 'पूर्वीची नोंद चुकीची असण्याचे कारण' असा एक रकाना होता. तिथे काय लिहायचं यावर मी आणि फिरतीबाईंनी बसमध्ये बराच खल केला होता. शेवटी 'लेखनदोष' लिहायचं ठरलं.

"एकतीस लेखनदोष," फिरतीबाई म्हणाल्या. "काय म्हणतील, या बाईला लिहिता तरी येत होतं का?"

एकेक नवरा जिवंत होत गेला. दोघे दरम्यानच्या काळात खरेच गेले होते, त्यांना जिवंत करून लगेच परत मारावं लागलं, यावेळी दाखल्यासकट. एक परदेशी होता, एकाचा पत्ताच नव्हता. आया दारात उभी राहून प्रत्येकाची प्रकृती ऐकत होती. तिची पाळी आली तेव्हा तिने हात हलवला.

"माझा राहू द्या. मेलेला बरा आहे तो. इतक्या वर्षांत एकदा त्रास दिला नाही."

"इच्छा असल्यास, असंच लिहिलंय," मी नियम दाखवला. तिचा फॉर्म कोरा राहिला, आणि तेही मला बरं वाटलं. माझ्या जुन्या प्रकरणात अशा बाईला जागा नव्हती. चर्चासत्रातला माझा लेख ज्या मासिकाने छापला होता, त्याला मी आदल्याच दिवशी पत्र टाकलं होतं, की माझ्या लेखातला निष्कर्ष मी मागे घेते, आधार चुकीचा होता. नवं प्रकरण रकान्यांबद्दल आहे: बाई काय आहे हे कोण विचारतं, कशासाठी विचारतं आणि तिने काय उत्तर दिलं तर तिला दार उघडतं. ते अजून कुणी मौलिक म्हटलेलं नाही.

टाचणी सगळ्यात शेवटी आली. आपल्याच खोलीत, आपल्याच टेबलासमोर उभी राहिली. ओठांत टाचण्या नव्हत्या.

"बाई, आधी एक बोलायचंय."

"बोल."

"तुम्ही खोली दिलीत. आतून कडी लागते, बाहेरून कुलूप लागत नाही. हे मी मरेपर्यंत विसरायची नाही. पण एकोणतीस वर्षं त्या माणसाला तुम्ही माझ्याकडून मान दिलात. लोक हळहळले त्याच्यासाठी. मला कुणी विचारलं नाही, तू दार कसं उघडलंस म्हणून."

फिरतीबाईंनी पेन खाली ठेवलं. 

"तेव्हा दुसरा रकाना नव्हता गं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणून तर गप्प होते."

"नाही, पण तुझं खरं आहे. मी तुला विचारायला हवं होतं. मला वाटायचं, छप्पर दिलं, झालं माझं काम. चुकलं माझं."

टाचणीला हे अपेक्षित नव्हतं. ती भांडायला पदर खोचून आली होती आणि समोरून भांडणच काढून घेतलं गेलं. तिने नाक ओढलं. "चुकलं असं नाही," ती म्हणाली. "पण निदान एवढं तरी विचारायचं होतंत, की नवरा कशाने मेलेला चालेल."

फिरतीबाई हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग पेन उचललं. "हं. सांग."

"नवरा हयात."

"हयात. कारण? विभक्त लिहू?"

"नाही. मी सोडलं. असंच लिहा."

बाईंनी तसंच लिहिलं. सही केली. टाचणीने कागद हातात घेतला, वाचला, मशीनच्या खणात ठेवायला गेली, तिथे ठेवला नाही, परत वाचला. मग व्हरांड्यात जाऊन मोठ्याने वाचून दाखवला, आणि खालच्या दुकानदाराने मान वर केली तेव्हा त्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात परत एकदा वाचला.

बायका पांगल्या. टाचणीचं एक काम द्यायचं राहिलं होतं, ती मशीनवर बसली. मी फॉर्म खोल्यांच्या क्रमाने लावत होते. लावून झाले, वर बघितलं तर फिरतीबाई खुर्चीतच झोपलेल्या. मान छातीवर, चष्मा हातात, बूट जमिनीपासून चार बोटं वर.

आयाने दारातून डोकावलं आणि दचकली. "अगं, बाईंना काय झालं?"

"शू!" टाचणी म्हणाली. "झोपल्यात."

"मग मशीन थांबव ना."

"थांबवलं तर जाग येईल," टाचणी म्हणाली, आणि पाय हलका करून शिवत राहिली. मी वहिनींना फोन करून हळू आवाजात सांगितलं, बाई झोपल्यात, उशीर होईल. पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, "उठवू नका."

साडेपाचची बस गेली, सहाचीही गेली. आम्ही कुणी उठवलं नाही.